ब्यूलीच्या गाड्या आणि मुंबईला न पोचलेली बोट

शनिवार : न्यू फॉरेस्टकडे

आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले की लंडन, विंडसर, बाथ ही यादी ठरलेली असते. यंदा मात्र एक अख्खी सहल बाबांच्या आवडीची करायची, असं मी आणि बायकोने त्यांची तिकिटं काढतानाच ठरवून टाकलं होतं. बाबांची उभी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी रस्त्यावरून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून "हिचे टॅपेट वाजतायत" असं ते सांगतात. त्यांना दाखवावं असं ठिकाण एकच डोळ्यांसमोर होतं : हॅम्पशायरमधल्या ब्यूली गावचं नॅशनल मोटर म्युझियम. मे महिन्याअखेरीच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीला, जोडून निघालो.

एम-3, मग एम-27, आणि कॅडनमपाशी मोटरवे सोडला की दहा मिनिटांत जग बदलतं. रस्त्यात एक लोखंडी गजांची जाळी लागते, तिच्यावरून गाडी खडखडत पुढे गेली की न्यू फॉरेस्ट सुरू. कुंपण नाही, भिंत नाही. पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, लांबवर पसरलेलं माळरान, आणि रस्त्याच्या मधोमध निवांत उभी असलेली तट्टं. त्यातल्या एका घोडीमागे काटकुळ्या पायांचं शिंगरू होतं. आमच्या मागे सात-आठ गाड्या थांबल्या, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही. आमच्या मुलीने, ओवीने, खिडकीची काच खाली केली आणि घोडी जाईपर्यंत ती श्वास रोखून बघत राहिली.

ही जनावरं मोकाट दिसतात, पण प्रत्येकाला मालक आहे. 1079 च्या सुमारास विल्यम राजाने हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला. तेव्हापासून इथल्या गावकऱ्यांना गुरं-घोडी चारायचा हक्क आहे, तो आजही चालतो. आईला हे लगेच कळलं. "म्हणजे गायरानच की," ती म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी : जंगलातल्या बिनकुंपणाच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 40 मैल आहे आणि ती मनापासून पाळा, संध्याकाळी तर जास्तच. तट्टांना खाऊ घालणं आणि हात लावणं मना आहे, दंड होतो. मुलांना गाडीतच बजावून ठेवा.

लिंडहर्स्टला एका छोट्या बी अँड बीमध्ये, म्हणजे राहणं आणि न्याहारी देणाऱ्या घरात, उतरलो. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलक्या. आईने सोबत धपाटे आणि लसणाची चटणी आणली होती. संध्याकाळी बागेत बसून खाताना तिने बाईंनाही एक धपाटा पुढे केला. बाईंनी चटणी बेताने चाखली, डोळे पुसले आणि अजून मागितली. रात्री नऊपर्यंत उजेड होता. बाबा एकटेच गावाच्या टोकापर्यंत फिरून आले आणि एक गाढव बेकरीच्या दारात उभं होतं, असं कौतुकाने सांगत बसले.

रविवार : म्युझियम

सकाळी दार उघडायच्या वेळेलाच पोचलो. पार्किंग फुकट आहे. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं, आणि त्याच तिकिटात म्युझियम, पॅलेस हाउस, मठाचे अवशेष, बागा आणि मोनोरेल सगळं येतं. एक दिवस जेमतेम पुरतो. दुपारी दोनला येऊन "बघू जमेल तेवढं" म्हणणाऱ्यांची मला हळहळ वाटली.

या जागेची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण ती कळल्यावर गाड्यांकडे बघण्याची नजरच बदलते. जॉन मॉन्टेग्यू हे इथले दुसरे लॉर्ड. मोटारगाडी हे श्रीमंतांचं खूळ समजलं जायचं त्या काळात ते तिच्यासाठी पार्लमेंटमध्ये भांडले. 1929 मध्ये ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा एडवर्ड दोन वर्षांचा होता. त्याला वडील आठवणंच शक्य नव्हतं. मोठेपणी एवढं अवाढव्य घर सांभाळायची वेळ आली तेव्हा त्याने ते लोकांना खुलं केलं, आणि 1952 मध्ये वडिलांची आठवण म्हणून घराच्या दर्शनी दालनात पाच जुन्या गाड्या मांडल्या. आजच्या म्युझियमची सुरुवात ती. गाड्या वाढत गेल्या आणि 1972 मध्ये त्यांच्यासाठी ही स्वतंत्र मोठी इमारत उभी राहिली. हे मी बाबांना आत शिरताना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण पहिल्या दालनात त्यांनी प्रत्येक पाटी मला मोठ्याने वाचून अर्थ सांगायला लावली.

सुरुवातीच्या गाड्या खरं तर घोडा सोडून दिलेल्या बग्ग्याच आहेत. 1865 च्या कायद्याने आपोआप चालणाऱ्या वाहनाला गावाबाहेर ताशी 4 मैल आणि गावात 2 मैल एवढाच वेग होता, आणि पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे. निशाणाची सक्ती नंतर गेली, पण वेगाचं बंधन 1896 पर्यंत टिकलं. आमच्या छोट्याने लगेच रुमाल हातात घेऊन आजोबांच्या पुढे चालायला सुरुवात केली आणि सबंध दालन त्यांना तसंच फिरवलं.

फार्नहॅमच्या जॉन हेन्री नाइट यांनी 1895 मध्ये बनवलेली गाडी बघताना बाबा खाली वाकले ते बराच वेळ उठेनात. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या अगदी पहिल्या पेट्रोल गाड्यांपैकी ही एक. ती परवान्याशिवाय रस्त्यावर आणली म्हणून दंड झाला होता. जॉन मॉन्टेग्यूंची गोष्टही तशीच. 1899 मध्ये ते आपली डेमलर घेऊन पार्लमेंटच्या आवारात शिरायला गेले, तर दारावरच्या पोलिसाने अडवलं. त्यांनी सभापतींपर्यंत दाद मागितली आणि आत गेले. पार्लमेंटच्या आवारात गेलेली ती पहिली पेट्रोल गाडी. पुढे 1903 च्या मोटार कायद्यामागे त्यांचाच रेटा होता. त्या कायद्याने वेगमर्यादा ताशी 20 मैल झाली आणि 1 जानेवारी 1904 पासून गाड्यांना नंबरप्लेट लागल्या. "म्हणजे आरटीओ यांच्यापासून," बाबा म्हणाले. त्यांना हा माणूस आवडला होता.

मग आलं जॅक टकरचं गॅरेज. 1930 च्या दशकातलं खेड्यातलं गॅरेज इथे जसंच्या तसं उभं केलंय. काळपटलेलं लाकडी बाक, त्याला बसवलेला वाइस, भिंतीवर टांगलेले पाने, कानशी, तेलाच्या कुप्प्या, पत्र्याचे डबे, अर्धं उघडलेलं इंजिन. आम्ही सगळे पुढे गेलो, तरी बाबा तिथेच. मी परत आलो तेव्हा ते एका स्वयंसेवक आजोबांशी बोलत होते. त्यांना मराठी येत नाही आणि बाबांचं इंग्रजी पाट्या वाचण्यापुरतं, पण बोटं, भुवया आणि "व्हॉल्व्ह", "गॅस्केट", "क्रँक" एवढ्या शब्दांवर त्यांचं उत्तम चाललं होतं. मी मध्ये पडून दुभाष्याचं काम घेतलं. एसटी 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर धावली तेव्हा पहिल्या गाड्या बेडफर्डच्या होत्या, हे बाबांना त्यांना सांगायचं होतं. बेडफर्ड म्हणजे ल्युटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीचं ब्रिटिश घराणं. ते आजोबा उमेदीत बेडफर्डचे ट्रक दुरुस्त करत असत! त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. नंतर त्यांनी आम्हाला पुढचं अर्धं म्युझियम स्वतः हिंडून दाखवलं.

टीप म्हणून सांगतो : या स्वयंसेवकांना प्रश्न विचारा. बरेचजण याच धंद्यातून निवृत्त झालेत, आणि पाटीवर मावलेलं नाही असं खूप काही त्यांच्याकडे आहे.

वेगाच्या विक्रमांच्या गाड्या हे ब्यूलीचं खरं वैभव. 1,000 हॉर्सपॉवरची लाल सनबीम समोर आली की आधी तिची लांबी अंगावर येते. पुढे एक आणि मागे एक अशी विमानाची दोन इंजिनं, प्रत्येक 22 लिटरहून मोठं, आणि दोघांच्या मध्ये चालवणारा. 29 मार्च 1927 ला फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर हेन्री सेग्रेव्ह यांनी ती ताशी 203.79 मैल पळवली, म्हणजे 328 किलोमीटर. ताशी 200 मैल ओलांडणारी पहिली गाडी. दोनच वर्षांनी तेच सेग्रेव्ह त्याच किनाऱ्यावर गोल्डन अ‍ॅरोमधून 231.45 मैलांवर गेले. गोल्डन अ‍ॅरोची गंमत म्हणजे ती आयुष्यात जेमतेम वीसेक मैल धावलीये. एक विक्रम केला आणि ती थांबली. इंजिनाचं पाणी थंड ठेवायला तिच्यात बर्फ भरत. बाबांनी ते ऐकून दोन्ही बाजूंनी फिरून खात्री करून घेतली की एवढा बर्फ बसेल कुठे. सेग्रेव्ह 1930 मध्ये विंडरमियर तलावावर पाण्यावरचा विक्रम करताना गेले.

आणि ब्लूबर्ड. निळी, गुळगुळीत, माणसाच्या छातीपर्यंत येणारी चाकं. आत विमानाचं गॅस टर्बाइन, ताकद 4,000 हॉर्सपॉवरच्या वर. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1960 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ती पळवताना भीषण अपघात केला. कवटीला तडा गेला, तरी वाचले. गाडी पुन्हा बांधली, मागे उंच शेपूट बसवली. मग ऑस्ट्रेलियातल्या लेक आयर या कोरड्या खाऱ्या तलावावर गेले, तर वर्षानुवर्षं पाऊस न पडलेल्या त्या जागी पाऊस पडून तलाव भरला. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. 17 जुलै 1964 ला जमीन पुरती वाळलेली नसताना ताशी 403.1 मैल, म्हणजे 649 किलोमीटरच्या आसपास. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी पाण्यावरचाही विक्रम केला. जमिनीवरचा आणि पाण्यावरचा विक्रम एकाच वर्षात करणारा दुसरा माणूस झालेला नाही. इथे आमच्यातलं कुणीच बराच वेळ बोललं नाही. बाबांनी फक्त एक प्रश्न विचारला : "अपघातानंतर पुन्हा त्याच सीटवर बसताना याच्या घरच्यांना काय वाटलं असेल?"

जेवायला म्युझियमच्या रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी बरंच मिळतं. आम्ही भाजलेले बटाटे आणि सूप घेतलं. पाऊस नसेल तर डबा घेऊन या, हिरवळीवर बसून खायला परवानगी आहे. आमच्या वेळी सरी येत-जात होत्या.

दुपार मुलांची. बोनेट-डिकी काही नसलेली संत्र्याच्या आकाराची एक गाडी आहे, 1970 च्या दशकात जाहिरातीसाठी मिनीच्या सांगाड्यावर बनवलेली. दुसरी बाटलीच्या आकाराची, 1920 च्या दशकातल्या डेमलरवर बेतलेली. ओवीने दोन्हींची चित्रं वहीत काढली. मोनोरेल थेट म्युझियमच्या इमारतीतून, छताखालून जाते. वरून सगळ्या गाड्या एकदम दिसतात, ते चुकवू नका. लंडनच्या 1912 च्या उघड्या बससारखी हुबेहूब बनवलेली एक बसही आवारात फिरवते. पावसाने ती बंद होती, ते तेवढं राहिलं.

आवारातच दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्त हेरांवर एक लहान प्रदर्शन आहे. शत्रूच्या मुलखात उतरण्याआधी ब्रिटनचे हेर ब्यूलीच्या परिसरातल्या घरांमध्ये शेवटचं शिक्षण घेत. इथे आई पुढे झाली. तिचं माहेर बडोद्याचं. नूर इनायत खान इथेच शिकली होती, 1943 च्या वसंतात, आणि तिचे वडील इनायत खान हे गायकवाडांच्या बडोद्यात जन्मलेले गायक. नूर त्या जूनमध्ये फ्रान्समध्ये उतरली. व्यापलेल्या फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. पकडली गेली, आणि सप्टेंबर 1944 मध्ये डाखाउच्या छळछावणीत तिला मारलं. आईने मुलांना ही गोष्ट तिथेच बाकावर बसवून सांगितली, हळू आवाजात, काहीही न गाळता.

आता बोटीबद्दल. रोल्स-रॉइसच्या बोनेटवरची पंखासारखी वस्त्रं मागे उडवत झुकलेली ती छोटी मूर्ती सगळ्यांना माहीत असते. 1911 मध्ये शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी ती घडवली. तिच्यामागे एलेनॉर थॉर्नटन होती असं मानतात. एलेनॉर ही जॉन मॉन्टेग्यूंची सेक्रेटरी. त्यांनी काढलेल्या मोटारींच्या मासिकाचं काम ती बघायची, आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. पहिल्या महायुद्धात मॉन्टेग्यूंना हिंदुस्थान सरकारचे मोटार वाहतुकीचे सल्लागार नेमलं. डिसेंबर 1915 मध्ये ती दोघं मुंबईला जाणाऱ्या पर्शिया नावाच्या बोटीने निघाली. 30 डिसेंबरला भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटाच्या दक्षिणेला, दुपारच्या जेवणाच्या वेळी, जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट काही मिनिटांत बुडाली. तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत एलेनॉर. मॉन्टेग्यूंच्या अंगात हवा भरता येणारं जाकीट होतं. ते पाण्याबाहेर आले आणि एका फुटक्या होडीला धरून दीड दिवसाने सापडले. तोवर इंग्लंडमध्ये त्यांचे मृत्युलेख छापून आले होते. बरे होऊन ते पुन्हा हिंदुस्थानात गेले आणि युद्ध संपेपर्यंत काम केलं.

बायको म्हणाली, "मुंबई बंदरावर कुणीतरी त्यांची वाट बघत असेल ना?" तेव्हाच आम्ही म्युझियमच्या आवाराबाहेर न जाता चर्चकडे वळलो. 1204 मध्ये जॉन राजाने इथल्या साधूंना मठासाठी जमीन दिली. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडला, पण साधूंचं भोजनगृह टिकलं आणि तेच आज गावचं चर्च आहे. आत एलेनॉरच्या नावाची स्मृतिशिला आहे, मॉन्टेग्यूंनी बसवलेली. लॉर्डाने गावच्या चर्चमध्ये आपल्या सेक्रेटरीच्या नावाचा दगड लावायचा, त्या काळी! त्यांनी तो लावला याचं मला फार मोल वाटतं.

सोमवार : बकलर्स हार्ड

आभाळ स्वच्छ. ब्यूली गावातून नदीकाठाने बकलर्स हार्डपर्यंत पायवाट आहे, सव्वादोन मैलांची, सपाट, लहान मुलांनाही जमेल अशी. आई-बाबांसकट चालत गेलो. भरती-ओहोटीची नदी, चिखलात चोची खुपसणारे पक्षी, मधे ओकची झाडी. बूट मात्र चांगले घाला, आदल्या दिवशीचा पाऊस वाटेवर साचलेला होता. परतायचा कंटाळा असेल तर एकजण गाडी घेऊन पुढे जावा. आमच्यात बायको गेली.

गाव म्हणजे रुंद हिरवळीच्या दोन्ही बाजूंना विटांच्या घरांच्या दोन ओळी, थेट नदीत उतरणाऱ्या. अठराव्या शतकात इथे आरमाराची जहाजं बांधत. ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याचं लाडकं जहाज अ‍ॅगमेम्नॉन 1781 मध्ये इथूनच पाण्यात उतरलं. ट्रफाल्गरच्या लढाईत इथली तीन जहाजं होती. सारी न्यू फॉरेस्टच्या ओकची. पुढे हेच आरमार मुंबईच्या गोदीत वाडियांकडून सागवानाची जहाजं बांधून घेऊ लागलं. त्यातलं 1817 चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडच्या हार्टलपूलला तरंगतंय. बाबांनी लगेच विचारलं, ते किती लांब. लांब आहे, पण यादीत घातलंय.

इथल्या सागरी संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि ते काढाच, कारण पर्शियाची कहाणी इथे आहे. बोट तीन किलोमीटर खोल पाण्यात आहे. 2003 मध्ये तिथवर उतरलेल्या मोहिमेने वर आणलेल्या काही वस्तू काचेमागे ठेवल्यात. मुंबईला जाणाऱ्या प्रवाशांचं सामान. बाबा चष्मा कपाळावर सरकवून एकेका वस्तूपाशी थांबत होते.

नंतर हिरवळीच्या कडेला चहा घेतला : गरम स्कोन, घट्ट साय, स्ट्रॉबेरीचा जॅम. आईला साय विरजलेली नाही याचं नवल वाटलं, आणि तिने ती दोनदा मागवली. जेवणानंतर लगेच निघा, बँक हॉलिडेच्या संध्याकाळी एम-27 तुंबतो. आम्ही चारला निघूनही साउदम्प्टनपाशी तासभर अडकलो.

त्या तासात बाबांनी एक गोष्ट पक्की केली. सनबीमची दोन्ही इंजिनं उघडून पुन्हा जिवंत करायचं काम म्युझियमने हाती घेतलंय, आणि 2027 च्या मार्चमध्ये तिच्या विक्रमाला शंभर वर्षं होतात, हे त्या बेडफर्डवाल्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं. "व्हिसा तोवर चालेल का बघ," बाबा मागच्या सीटवरून म्हणाले. "त्या इंजिनाचा आवाज मला ऐकायचाय."

चालेल, मी बघितलंय.